भस्मातले चक्रधारी

पडद्यावर काहीतरी वळवळलं आणि अख्खा हॉल खुर्च्या सरकवत उभा राहिला.

"आला!" पहिल्या रांगेतून अरुणाताई ओरडल्या. "जीव आला!"

बर्मिंगहॅममध्ये हॉल ग्रीनला हा कम्युनिटी हॉल आहे. एरवी तिथं सकाळी झुंबा चालतो आणि संध्याकाळी कराटे. त्या रविवारी आमच्या मंडळाने तो श्वासानंद महाराजांसाठी घेतला होता. स्टेजवर वाघाच्या पट्ट्यांची रग, रगेवर महाराज, महाराजांच्या अंगात भगवं फ्लीसचं जाकीट, कारण हॉलचं हीटिंग फक्त खुर्च्यांच्या बाजूलाच चालतं. पुढ्यात चांदीची डबी, तांब्याचं भांडं आणि एक डिजिटल मायक्रोस्कोप. मायक्रोस्कोपची केबल प्रोजेक्टरला जोडायला मला बोलावलं होतं. मी अनुराधा, एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. केबली जोडणं हे काही माझं काम नव्हे, पण आमच्या मंडळात 'आयटीवाली' म्हटलं की प्रोजेक्टरपासून टोस्टरपर्यंत सगळं आलंच.

"हे काय आहे?" महाराजांनी चिमटीतली राखाडी पूड माइकसमोर धरली.

"भस्म!" हॉल म्हणाला.

"कशाचं?"

"हवनाचं!"

"अग्नीतून निघालेल्या वस्तूत जीव उरतो का?"

"नाही!"

"मग हा कोण?"

पडद्यावर काचेसारखा पारदर्शक, जळवेसारखा एक जीव आखडत-लांबत चालला होता. चालता चालता तो थांबला, शेपटी रोवून उभा राहिला आणि त्याच्या डोक्यावर दोन चाकं उघडली. खरीखुरी, गरगर फिरणारी चाकं. केबल हातात धरून मीसुद्धा आ वासला होता, हे कबूल करते.

"सुदर्शन!" महाराज कुजबुजले. माइकमध्ये कुजबुजल्यामुळे ते कार पार्कपर्यंत ऐकू गेलं. "प्रत्येक जीवाच्या माथ्यावर सुदर्शन चक्र असतं. दिसत नाही एवढंच. आज मी दाखवलं."

कुणी रडलं, कुणी फोन काढले. महाराजांना आता रंग चढला होता. "विज्ञान आता आपल्या मागून येतंय. मायक्रोस्कोप हा शब्द कुठला? संस्कृत! माया-कोष-कूप. मायेच्या कोषात डोकावायची विहीर. इंग्रजांना उच्चार जमला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दोन दंतवैद्य आणि एक चार्टर्ड अकाउंटंट होते.

कार्यक्रमाचा क्रम असा असायचा. महाराज भस्मावर तांब्याच्या भांड्यातलं पाणी सोडत. मग सगळ्यांनी डोळे मिटून भजन म्हणायचं, चांगलं पाऊण तासभर. मग डोळे उघडायचे आणि भस्मात जीव पाहायचा. हाच 'प्राणदान सोहळा'. शेवटी भाविकांना भस्माच्या पुड्या मिळत. रोज सकाळी एक पुडी पाण्यात भिजवून, महाराजांच्या फोटोपुढे तासभर ठेवून, पिऊन टाकायची. गुडघे, शुगर, मुलांची लग्नं, व्हिसा, सगळ्याला तीच पुडी चालायची.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण तेवढ्यात माझ्या सासूबाई उठल्या आणि काठी टेकत स्टेजकडे निघाल्या.

नंदा, माझ्या सासूबाई, पंचाहत्तरीच्या आहेत. चाळीसेक वर्षांपूर्वी त्या इथं आल्या आणि एका मोठ्या दुकानात कपडे ऑल्टर करायच्या कामावर निवृत्तीपर्यंत टिकल्या. त्यांच्या हृदयाची झडप आकुंचन पावली होती. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. वर्षभर रांगेत काढल्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पुढच्या रविवारनंतरच्या गुरुवारची.

"महाराज, माझा व्हॉल्व्ह..." त्या म्हणाल्या.

महाराजांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "माताजी, झडप म्हणजे काय? दार. दार थोडं अडकलंय. अडकलेलं दार उघडायला कुणी भिंत फोडतं का? मेलेल्या राखेत मी प्राण घालतो, तर जित्या झडपेत घालणार नाही? पुढच्या रविवारी महाप्राणदान आहे. तोवर पुड्या घ्या. ऑपरेशनची गरज राहणार नाही."

हॉलने जयजयकार केला. सासूबाई परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका हलका दिसत होता की मला त्यांच्यावर रागावताही येईना.

गाडीत त्या म्हणाल्या, "उद्या हॉस्पिटलला फोन करून तारीख कॅन्सल करते."

माझा नवरा रघुवीर गाडी चालवत होता. तो इथंच जन्मला. त्याचं मन मोठं आहे, मराठी मात्र आखूड. "आई, आय मीन, तुझी निर्णय आहे. पण जरा विचार केला पाहिजे ना?"

"विचार करून करूनच झडप आखडली माझी," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने म्हटलं, "आई, महाप्राणदान होऊ दे. ते झाल्यावर सोमवारी करा फोन."

त्यांनी क्षणभर विचार केला. "बरं. तशीही त्यांची लाइन लागत नाही."

आठवडा मिळाला. घरी पोचताच रघुवीरने कार्डिफला बहिणीला फोन लावला.

माझी नणंद अक्षया कार्डिफच्या एका शाळेत बायॉलॉजी शिकवते. सत्राच्या मधली हाफ-टर्मची सुट्टी होती, त्यामुळे मंगळवारी दुपारी ती आमच्या दारात हजर झाली. एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात शाळेतून मागून आणलेला मायक्रोस्कोप.

"वहिनी, तो भस्म कुठे आहे?" आल्या आल्या तिने विचारलं.

"ते भस्म," सासूबाईंनी आतून दुरुस्ती केली. "आणि चपला काढ. देवाजवळ आहे."

अक्षयाने आईला न दुखावता, रीतसर परवानगी मागून एक पुडी उघडली. चिमूटभर पूड काचेवर घेतली आणि भिंगातून पाहिली. थोड्या वेळाने तिने मला बोलावलं. राखाडी खड्यांमध्ये एक इवलंसं हिरवं पान होतं.

"मॉसचं पान आहे," ती म्हणाली. "शेवाळं. वहिनी, हवनातून निघालेल्या राखेत हिरवा पान कसा?"

मी टेस्टर आहे. अशी चूक सापडली की मला जे वाटतं ते इथं लिहिलं तर बरं दिसणार नाही.

अक्षयाने पुडीतली पूड बशीत घेऊन वर पाणी घातलं आणि आम्ही चहा करायला घेतला. मंत्र नाही, भजन नाही. रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या चालल्या होत्या. चहा, मग पोहे, मग भांडी. तेवढं सगळं उरकल्यावर बशीतला एक थेंब भिंगाखाली ठेवला, तर चाकं फिरवत सुदर्शनधारी हजर!

"आई, ये बघ."

सासूबाईंनी डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "बघितलंस? फोटो नुसता खोलीत होता, तरी आले."

अक्षयाने कपाळाला हात लावला. मग ती मागच्या दारी गेली. आमच्या मागच्या खोलीचं छप्पर बसकं आहे. खुर्चीवर उभं राहिलं की हात पोचतो. तिथून तिने एक मूठभर सुका गाळ आणला आणि दुसऱ्या बशीत भिजवला. पुन्हा तेवढाच वेळ थांबलो आणि पुन्हा तेच चक्रधारी.

"आता हे तर महाराजांचं नाही ना?" ती म्हणाली. "हा आपला गटरमधला माती आहे. आणि महाराजांचा भस्मही तेच आहे, आई. गटरमधली माती."

सासूबाई ताठ झाल्या. "गटारातली? दोन दिवस मी गटारातली माती पितेय?"

"नाही, नाही! वरची गटर! छपराची!"

"मग पन्हळ म्हण की! जीव गेला असता माझा." त्यांनी छातीवर हात ठेवून श्वास घेतला. मग जरा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे महाराजांची कृपा आपल्या पन्हळीवरसुद्धा आहे."



तिसरा प्रयोग अक्षयाने आईकडूनच करून घेतला. दुसरी पुडी पत्र्याच्या ट्रेत पसरून ओव्हन पूर्ण मोठा करून दोन तास भाजली. थंड झाल्यावर त्यातल्या चिमूटभर पुडीवर पाणी घातलं, बाकीची पुन्हा बांधून ठेवली. या वेळी तर सासूबाईंनी फोटो शेजारी ठेवला, उदबत्ती लावली आणि स्वतः भजन म्हटलं. भिंगाखाली खडे दिसले, माती दिसली, आणखी काही नाही. संध्याकाळपर्यंत काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही काही नाही.

"महाराज स्वतः नाहीत ना इथं," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजातला जोर कमी झाला होता.

त्या दिवशी दुपारी त्या सोफ्यावर पडल्या होत्या आणि अक्षया त्यांचे पाय चेपत होती. सासूबाईंनी विचारलं, "तुला कसं गं माहीत हे पन्हळीचं?"

"शाळेत दरवर्षी मुलांना दाखवते. पण शोध माझा नाही. अडीचशे वर्षांपूर्वी इटलीमध्ये एक माणूस होता, लाझारो स्पालान्झानी. पाद्री होता."

"पाद्री?" सासूबाई उठून बसल्या. नास्तिकांचं त्यांना वावडं होतं, पाद्र्यांचं नव्हतं. "म्हणजे देवाधर्माचा माणूस."

"हो. प्रार्थना करायचा आणि युनिव्हर्सिटीत शिकवायचा. त्याने छपराच्या पन्हळीतली वाळू आणली, पाणी घातलं आणि हेच प्राणी बघितले. परत वाळवले, परत भिजवले. परत उठले. त्याच्याही आधी एका डच माणसाने पाहिले होते, पण स्पालान्झानीने मागेच लागून किती तऱ्हांनी तपासले! त्यांना रोटिफर म्हणतात. पाणी संपलं की सुकून दाण्यासारखे होतात, वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. पाणी मिळालं की फुगतात आणि चालायला लागतात. चाकंसुद्धा खरी नाहीत. तोंडाभोवती बारीक केस असतात, ते लाटेसारखे हलतात म्हणून चाक फिरतंय असं वाटतं."

"मग तो पाद्री काय म्हणाला? देवाने उठवले?"

"त्याला वाटलं मेलेले प्राणी खरंच उठतात. तिथे तो चुकला. ते मेलेले नसतात, थांबलेले असतात. पण त्याचा खरा मोठा काम दुसरा आहे, आई. तेव्हा मोठमोठे लोक म्हणायचे की मांसाचा रस्सा नुसता ठेवला तरी त्यात आपोआप जीव तयार होतो. रश्श्यात म्हणे एक शक्ती असते. हे सांगणारा एक जण तर पाद्रीच होता. स्पालान्झानी म्हणाला, बघू. त्याने काचेच्या भांड्यांत रस्सा घातला, काच वितळवून तोंडं बंद केली आणि खूप वेळ उकळला. काही भांडी उघडी ठेवली. उघड्यात जीव आले, बंद भांड्यात नाही."

"म्हणजे बाहेरून येतात."

"बाहेरून येतात!" अक्षयाने आईला टाळी दिली. "तो प्रत्येक वेळी दोन भांडी ठेवायचा. एकात ती गोष्ट असते, दुसऱ्यात नसते. मग फरक बघायचा. बेडकांना तर त्याने पॅन्ट घातली."

"काय घातली?"

"चड्डी. टॅफेटाच्या कापडाची. नर बेडकांना. अंड्यातून पिल्लू व्हायला नराचं काही लागतं का, हे बघायला. चड्डी घातलेले आणि न घातलेले. चड्डीवाल्यांना पिल्लं झाली नाहीत."

सासूबाई हसायला लागल्या. आयुष्यभर माणसांच्या पॅन्टच्या कमरा आत घेणाऱ्या, बाहेर सोडणाऱ्या बाई त्या. "टॅफेटा! बेडकाला! अगं, बेडकाला कंबर कुठं असते? राहिली कशी ती?" हसता हसता त्यांना धाप लागली आणि आम्ही दोघी घाबरून पाणी घेऊन धावलो. धाप ओसरल्यावर त्यांनी भाजलेली पुडी मागवून हातात घेतली.

मग म्हणाल्या, "रविवारी ही भाजलेली पुडी महाराजांच्या हातात देऊ. पण चोरून नाही. भाजलीय असं सांगून द्यायची. माणूस खरा असेल तर त्याला फसवायचं पाप नको."

रविवारी हॉल पहिल्यापेक्षाही जास्त भरला. लेस्टरहून मिनीबस आली होती. लंडनमधल्या एजवेअरच्या अरुणाताई, ज्यांच्या घरी महाराज महिनाभर उतरले होते, त्या रेशमी साडीत सगळ्यांना कुठं बसायचं ते सांगत होत्या. मंडळाचे अध्यक्ष हरीशकाका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अनुराधा, गडबड नको हं. हॉलचं डिपॉझिट आहे."

"गडबड नाही काका, फक्त एक प्रयोग आहे. तुम्हाला शिडीवर चढून हॉलच्या गटरमधून चमचाभर माती काढायची आहे."

"मी?" काकांनी विचार केला. "रिस्क असेसमेंट करावं लागेल." पण ते चढले. काकांना महाराज पहिल्यापासून आवडले नव्हते. महाराजांनी त्यांच्या भाषणाची वेळ खाल्ली होती.

महाराजांनी चांदीची डबी उघडली आणि त्याच क्षणी सासूबाई उभ्या राहिल्या. "महाराज, आज माझ्या पुडीवर प्राणदान करा. तुम्हीच दिलेली आहे. फक्त ती आमच्या ओव्हनमध्ये दोन तास भाजलीय."

महाराजांचा हात डबीवरच थांबला. "भाजली? का बरं, माताजी?"

अक्षया पुढे आली. "महाराज, तुमचा भस्म अग्नीतून आलाय ना? मग आणखी थोड्या अग्नीने काय होणार?"

हॉलमध्ये कुजबूज झाली. प्रश्न रास्त होता. महाराज मंद हसले. "बेटी, अग्नी आणि वीज यांत फरक आहे. इलेक्ट्रिक ओव्हनच्या लहरी भस्म अपवित्र करतात."

"गॅसचा आहे, महाराज," सासूबाई म्हणाल्या. "अग्नीच."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांना आता मागे फिरता येईना. दीडशे माणसं बघत होती, त्यातली निम्मी फोनमधून. त्यांनी पुडी घेतली, पाणी सोडलं, डोळे मिटले.

"आणि ही दुसरी बशी," अक्षयाने टेबलावर ठेवली. "या हॉलच्या छपरावरची माती. हरीशकाकांनी आत्ताच काढली. हिला महाराज हात लावणार नाहीत. मंत्र मी म्हणते."

"तुला मंत्र कुठला येतो?" अरुणाताईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अकरा नंबरच्या बसचे स्टॉप येतात." अक्षया डोळे मिटून, हात जोडून, संथ सुरात सुरू झाली, "अ‍ॅकॉक्स ग्रीन... हॉल ग्रीन... किंग्ज हीथ... कॉटरिज..."

आधी लोक चपापले. महाराजांचा मंत्र एकीकडे, अकरा नंबर दुसरीकडे. मग लहान मुलांनी सूर धरला. शहराला गोल फेरी मारणारी ती बस सगळ्यांनाच पाठ. "बोर्नव्हिल... सेली ओक... हार्बोर्न..." तिसऱ्या फेरीला लेस्टरचे लोकसुद्धा म्हणू लागले, त्यांना स्टॉप माहीत नसताना. एक दंतवैद्य टाळ वाजवत होते. महाराजांनी आवाज चढवला, तशी बसही चढत गेली.

भजन आणि बस दोन्ही थकल्यावर मी पहिली काच भिंगाखाली ठेवली. पडद्यावर खडे आणि माती. मी काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. महाराज म्हणाले, "थांबा." थांबलो. काही हललं नाही.

मग दुसरी काच. पडद्याच्या कोपऱ्यातून एक काचेचा जीव आखडत-लांबत आला, मधोमध शेपटी रोवून उभा राहिला आणि त्याने आपली दोन्ही चाकं उघडली. त्याच्यामागून दुसरा आला. तिसरा.

"हार्बोर्नला चढले वाटतं!" कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसून हसून लोळला.

महाराजांनी माइक ओढला. "इथं संशयी लोक आहेत! संशयाच्या नकारात्मक लहरींनी भस्म निर्जीव झालं!"

"मग शेजारची बशी कशी सजीव झाली?" अक्षयाने विचारलं. "संशय तर दोन्हींकडे सारखाच बसलाय." आणि तिने सगळ्यांना सांगितलं. इटलीचा पाद्री, पन्हळीची वाळू, सुकून थांबलेले प्राणी. पाऊण तासाचं भजन कशाला लागतं तेही सांगितलं. माती भिजायला आणि प्राणी फुगायला तेवढाच वेळ लागतो. भजन कसलं, भिजवण होती ती. मराठी तिचं वाटेत दोनदा घसरलं, पण कुणी दुरुस्त केलं नाही.

तेव्हा अरुणाताई उसळून उठल्या. महाराजांचा अपमान त्यांना सहन होईना. "काय बोलतेस! एवढा निगर्वी माणूस पाहिलायस का कधी? आमच्या घरी महिनाभर राहिले, एक पै घेतली नाही. उलट मी नको नको म्हणत असताना स्वतः शिडी लावून आमच्या सगळ्या गटर्स साफ..."

त्या थांबल्या.

अरुणाताई सावकाश महाराजांकडे वळल्या. "शेजाऱ्यांच्याही केल्या तुम्ही," त्या पुटपुटल्या. "मी म्हटलं, केवढी ही सेवा."

यानंतर जे हसू फुटलं त्यात महाराजांचे पुढचे शब्द बुडून गेले. पण सासूबाई हसत नव्हत्या. त्या काठी टेकत स्टेजपाशी गेल्या आणि हसणारे एकेक करून गप्प झाले.

"महाराज," त्या म्हणाल्या, "मला एकच सांगा. तुम्ही नसता तर काय झालं असतं?"

"म्हणजे, माताजी?"

"तुम्ही नसलात तरी माती जिवंत होते, ते आत्ता दिसलं. तुम्ही असलात तरी भाजलेली होत नाही, तेही दिसलं. मग तुम्ही असण्याने फरक काय पडतो? मी तुमच्या शब्दावर ऑपरेशन सोडणार होते."

महाराजांनी तोंड उघडलं. संस्कृत आठवलं नाही, लहरी आठवल्या नाहीत. "माताजी, तुमची श्रद्धा कमी पडली," एवढंच ते म्हणाले.

"श्रद्धा भरपूर होती," सासूबाई म्हणाल्या. "दोन दिवस पन्हळीची माती प्यायलेय मी."

महाराज चहापर्यंत थांबले नाहीत. टॅक्सी बोलावून स्टेशनकडे गेले ते एजवेअरला परतलेच नाहीत. अरुणाताईंनी त्यांची बॅग दुसऱ्या दिवशी बाहेर काढून ठेवली. हरीशकाकांनी नगर कौन्सिलला सगळं सविस्तर कळवलं आणि मंडळाच्या पुढच्या सभेत त्याहून सविस्तर भाषण केलं.

कार पार्कमध्ये सासूबाई गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या आणि रडायला लागल्या. अक्षया शेजारी बसली.

"मूर्ख नाही गं मी," त्या म्हणाल्या. "मला कळत होतं काहीतरी चुकतंय. पण त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, या ऑपरेशनमध्ये शंभरात दोघं-तिघं जातात. तेव्हापासून मला ते दोघं-तिघंच दिसतात. उरलेले दिसतच नाहीत. आणि हा माणूस डोक्यावर हात ठेवून म्हणाला, काही होणार नाही."

अक्षयाने आईचा हात धरला. बायॉलॉजीच्या पुस्तकात भीतीवर उपाय नसतो.

सोमवारी सासूबाईंनी हॉस्पिटलला फोन केला, पण तारीख रद्द करायला नाही. मला ऑपरेशनआधी डॉक्टरांशी बोलायचंय, म्हणाल्या. लाइन चक्क लागली. अक्षयाने शाळेतून रजा वाढवून घेतली होती, त्यामुळे बुधवारी आम्ही तिघी गेलो. सर्जन चाळिशीची बाई होती, सकाळपासून उभी असावी.

सासूबाईंनी इंग्रजीत विचारलं, तोच प्रश्न. "आणि मी हे ऑपरेशन केलंच नाही, तर काय होईल?"

बाई चिडली नाही. खुर्ची ओढून समोर बसली. कागदावर झडप काढली, ती कशी आखडते ते दाखवलं, आणि स्पष्ट सांगितलं की तुमच्याइतकी आखडल्यावर काहीच केलं नाही, तर शंभरातले निम्मे दोनेक वर्षांतच जातात. केलं तर दोघं-तिघं. हे कशावरून सांगते, तेही सांगितलं. वर्षानुवर्षं किती माणसांवर केलं, किती जणांवर केलं नाही, त्यांचं पुढे काय झालं.

"म्हणजे दोन भांडी," सासूबाई मराठीत अक्षयाला म्हणाल्या. "एकात आहे, एकात नाही."

आणि त्यांनी सही केली.

ऑपरेशन नीट झालं. आता त्या एका दमात बसस्टॉपपर्यंत जातात आणि तिथं उभ्या असलेल्यांना विचारत सुटतात. कुणी तांब्याचं कडं घातलं असेल, कुणी लिंबू-मिरची टांगली असेल, कुणी टीव्हीवर पाहून जडीबुटी मागवली असेल, तर त्यांचा एकच सवाल, "हे नसताना काय होतं, ते पाहिलंत का?" काही जण वैतागतात. काही जण खरंच विचारात पडतात.

मला सांगायचंय ते एवढंच. देव माना, न माना, तो तुमचा प्रश्न. त्या इटलीच्या पाद्र्याने देव मानला आणि तरीही भांडी उकळली. पण तुमच्या शरीराबद्दल, तुमच्या माणसाच्या जिवाबद्दल कुणी छातीठोक काही सांगितलं, तर दुसरं भांडं मागा. घाबरलेले असाल तर जरूर मागा, कारण घाबरलेल्या माणसाकडेच असले महाराज नेमके येतात. ज्याच्याकडे उत्तर असतं तो खुर्ची ओढून बसतो. ज्याच्याकडे नसतं तो तुमची श्रद्धा मोजू लागतो. दोघांतला फरक ओळखायला बायॉलॉजी लागत नाही. फक्त विचारायचं धैर्य लागतं, आणि ते कुणाच्याही पुडीतून मिळत नाही.